एका सुपावर दोघी

बाई, आयत्या जेवणाची खरी किंमत सांगतो: एक घर. शहापूरच्या आपल्या चर्चच्या मंडळीत रविवारच्या उपासनेनंतरचं जेवण मी माझ्या केटरिंगमधून फुकट सुरू केलं, तेव्हा छाती फुगवून म्हणालो होतो, "आता कुणी चूल फुंकायची नाय." वरणभात, दोन भाज्या, वर गुलाबजाम. सगळे खूश. पुढे सापगावच्या दोन जावांचं विहिरीच्या मोटारीवरून बिनसलं. एक या भिंतीला जेवते, दुसरी त्या भिंतीला. मग धाकटीचं घर यायचंच बंद झालं.

मी लहान असताना मुरबाडला उपासनेनंतर तुमच्या पडवीत प्रत्येक घरचा तांदूळ एकाच पातेल्यात पडायचा. आई रेशनचा तांदूळ पदराखाली झाकून आणायची, तर तुम्ही तोच आधी ओतायला लावायचात. आणि ज्यांचा अबोला, त्यांनाच एका सुपावर बसवायचात. "प्रभूने पाय धुतले, तुमाला खडे काढायला काय होतंय? बोलू नका हवं तर. पण दाताखाली खडा आला तर दोघींना विचारीन." मला वाटायचं, बाईंना कामाची घाई आहे.

मी मात्र गाडी काढून पुन्हा पुन्हा धाकटीकडे गेलो, क्षमेवर बोललो. ती म्हणाली, "दादा, चहा निवतोय तुमचा." थोरली म्हणाली, "मी काय केलंय? तीच येत नाय." शेवटी एका रविवारी मी उभं राहून जाहीर केलं, केटरिंग बंद, पुढच्या वेळेपासून आपलं आपण शिजवू. आणि पुढच्या रविवारी धाकटी हजर! दोघी एका सुपावर. समेट घडवावा तर दादांनी, असं मंडळीत म्हणतात. मीही घरी दोनचारदा ऐकवलं.

काल थोरलीने सहज सांगितलं. लहानपणी तुमच्याच पडवीत बसलेली ती. सूप घेऊन धाकटीच्या दारात गेली होती. "डोळं काम देत नायत गो. बसतेस जरा?"

"तुमच्या तांदळात खडेच जास्त, ताई."

"म्हणून तर आले."

निवडून झाल्यावर धाकटी म्हणाली, "उद्या माहेरी जायचंय. त्याच्या पुढच्या रविवारी येते."

तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र टाकणार कुठं, पवित्र शास्त्रात ठेवून देईन. मंडळीत मी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही. थोरली सूप घेऊन गेली तो शनिवार होता. मी जाहीर केलं ते दुसऱ्या दिवशी.