पत्र्याची फुलं, तिसरी रांग

२९ ऑक्टोबर, अंतोफागास्ता

यंदा आईला नेतोय. गुडघ्यांमुळे ती कित्येक वर्षं आली नव्हती. म्हणाली, एलिसेओ, तुझ्या बापाशेजारी एकदा बसू दे, मग गुडघे गेले तरी चालतील.

बाबा वाळवंटातल्या सांता ब्रिहिदा गावी, सोऱ्याच्या खाणीत वारले. गाव कधीच ओस पडलं, दफनभूमी तेवढी उरली. क्रुसांवरची नावं वाळूने खरवडून नेली. पण कबर मला पाठ आहे: तिसरी रांग, लोखंडी कुंपण. दर एक नोव्हेंबरला, मृतांना भेटायच्या दिवशी, आईच्या नावाने पत्र्याच्या फुलांचा हार वाहतो. रिबिनीवर ‘सदैव तुझीच, ऑर्फेलिना’. शब्द माझे. आईला इतकं सुचत नाही.

संकल्प: चिडायचं नाही. रस्ता विचारायचा नाही.

३० ऑक्टोबर

आईला आधी महामार्गाकडेचं ते प्रचंड शिल्प दाखवलं, वाळूतून वर आलेला सिमेंटचा हात. सुनिल्डा म्हणाली, हात दक्षिणेला, दफनभूमी उत्तरेला, असा कसा नवरा मिळाला मला! यात्रेत सरळ जायचं नसतं, हे बायकोला कोण सांगणार.

आई हाताकडे बघून म्हणाली, हा बघ, गाड्या थांबवून रस्ता विचारतोय. तुझ्यापेक्षा शहाणा.

३१ ऑक्टोबर, दुपार

जवळची वाट घेतली. गाडी वाळूत रुतली. तशीही तिला विश्रांती हवीच होती. मी जपमाळ काढली. तांब्याच्या खाणीच्या ट्रकने ओढून काढलं. प्रार्थना फळली.

सुनिल्डा म्हणते, मी हात हलवला म्हणून फळली.

संध्याकाळ

किल्ली सुनिल्डाकडे दिली. मी आपणहून दिली.

१ नोव्हेंबर, सकाळ

पोचलो. फारच लवकर. दर वर्षी मी अंधार पडता पोचतो, सगळे गेल्यावर. लोकांना वाटतं वाट चुकतो. मला एकांत लागतो.

दुपार

आमच्या कुंपणाशी एक कुटुंब डबे उघडून बसलेलं. मी शांतपणे हार अडकवला. त्यांच्यातली म्हातारी, फ्रेसियाबाई, रिबीन वाचून काठी टेकत उठली. म्हणाली, सापडलात! कोण ती ऑर्फेलिना?

आईने शाळेत हजेरी द्यावी तसा हात वर केला.

बाई कडाडली, हा माझा नवरा आहे! दर वर्षी येऊन बघावं तर ‘सदैव तुझीच’! किती वर्षं मी याच्याशी एक शब्द बोलले नाही!

तिचा मुलगा हळूच म्हणाला, आई, ते वारलेत.

मग काय झालं, बाई म्हणाली.

आई म्हणाली, अहो, तुमच्या नवऱ्याला मी पाहिलंही नाही. आणि असलं गुळमट मी माझ्या नवऱ्यालासुद्धा कधी म्हटलं नाही. हा उद्योग आमच्या चिरंजीवांचा.

मग ती सरळ मागच्या भिंतीकडे निघाली. गाढवा, तेव्हा फाटक इकडे होतं, रांगा इकडून मोजायच्या! कुंपण नाही, फूल नाही, कलंडलेला क्रूस. आई खाली बसली. वाळूवर हात फिरवत बाबांना म्हणाली, रागावू नका हं. मी दर वर्षी पाठवत होते.

२ नोव्हेंबर

रांग तिसरीच होती. माझं मोजणं चुकलं नव्हतं, फाटक हललं.

काल निघताना फ्रेसियाबाई नवऱ्याशी बराच वेळ बोलत होती. हार तिने ठेवून घेतला. फुलं छान आहेत म्हणे. आई त्यांच्या व्हॅनमधून घरी गेली. त्यांना रस्ता माहीत आहे.

संकल्प: पुढच्या वर्षी दोन हार.

सुनिल्डा म्हणते, सासूबाईंचं पुढच्या वर्षीचं त्यांच्याबरोबरच ठरलंय, ती स्वतःही जाणार आहे. व्हॅनमध्ये मागे माझ्यापुरती एखादी जागा आहे का, विचारून बघेन.