आधी बाई, मग भाकरी

सोलापूर,
शनिवार, ३ जानेवारी २०२६

प्रिय नाजनीन,

सलाम आणि शरणु.

तू, सरफराजभाई आणि आयेशा मजेत असाल. आयेशाचं दहावीचं वर्ष ना यंदा? इथं गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उभे राहायला लागलेत. जत्रेत आपण दोघी स्टॉल लावायचो, तू गिऱ्हाइकाला शेंगाचटणी चाखायला देऊन देऊन निम्मा डबा संपवायचीस, ते आठवलं. दोन वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. लिहायची सवय गेली आहे. अक्षराकडे बघू नकोस.

कारखाना चालू आहे. आता साठ बायका आहेत. लॉकडाऊनमध्ये विडीकाम बंद पडलं आणि गल्लीतल्या सात जणी तुझ्या ओट्यावर येऊन बसल्या, तेव्हा तूच म्हणाली होतीस की यांना भाकरी थापता येते, आपल्याला विकता येईल. कडक भाकरीला गिऱ्हाईक कुठलं मिळणार म्हणून मी हसले होते. आता पुण्याच्या एका मोठ्या दुकानसाखळीत आपला माल जातो. दारावर तू रंगवलेली पाटी तशीच आहे, ‘आधी बाई, मग भाकरी’. तीच ओळ आता पाकिटावर छापतो.

नोव्हेंबरात पुण्याला महिला उद्योजकांच्या मेळाव्यात मला भाषणाला बोलावलं होतं. विषय होता मूल्यांवर उभा राहणारा व्यवसाय. मी तुझं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

गेल्या महिन्यात कारखान्यात आपल्या चंद्रव्वाच्या हाताला लागलं. लाटायच्या मशीनवर. तुला कळलं असेलच. आता बरी आहे.

बरी नाही, नाजू. उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. मला भाकरी थापायला शिकवली तो हात. आमच्या अव्वाला, माझ्या सख्ख्या आईला, कधी जमलं नाही ते चंद्रव्वानं माझ्या मनगटाला धरून शिकवलं होतं.

कारखाने खात्याचे निरीक्षक येऊन गेले. मशीनची जाळी काढलेली होती. ती चंद्रव्वानं स्वतःच काढली, जाळीच्या बटणात काडी अडकवून मशीन चालू ठेवलं, सांगितलेलं ऐकलं नाही, असा जबाब मी लिहून दिलाय. बायकाही तसंच म्हणतात. चंद्रव्वाला घाई फार, ती कुणाचं ऐकते, असं डबा खाताना बोलतात. मी तिथून जाते तेव्हा आवाज आणखी वाढवतात, मला बरं वाटावं म्हणून. आणि तिची लेक परवा गेटवर येऊन विचारून गेली, आईला तुमी चोर ठरवलं का.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता पुढचं लिहिते.

तुला आठवतं, मशीन आणलं तेव्हा तू कंपनीच्या माणसाशी भांडून ती जाळी बसवून घेतली होतीस? जाळी उचलली की मशीन आपोआप बंद पडायचं. पिठाचा गोळा अडकला की जाळी उचला, मशीन थांबणार, गोळा काढा, जाळी लावा, परत चालू करा. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. पुण्याची ऑर्डर वाढली तसा मला तो वेळ खुपायला लागला. मी बिरप्पाला बोलावलं. आपला वायरमन, तू त्याला ओळखतेस. तो म्हणाला, “अक्का, हे करू नये बघा.” मी म्हणाले, “तू वायर जोड, बाकीचं मी बघते.” त्यानं जोडली. त्या दिवसापासून जाळी काढून ठेवली तरी मशीन चालायला लागलं. पुण्याच्या भाषणाच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट आहे ही.

२२ डिसेंबरला सोमवार होता. दुपारी चारला टेम्पो निघायचा होता. सकाळी चंद्रव्वानं मला विचारलं, “अक्का, जाळी न्हाय लावायची का? मला भ्या वाटतंय.” मी म्हणाले, “आजच्या दिवस राहू दे की.” तिनं मान हलवली आणि कामाला लागली. साडेअकराला मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. फोनवर पुण्याला सांगत होते, गाडी वेळेत निघेल म्हणून. गोळा अडकला, तिनं आत ढकलला.

ती ओरडली नाही. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं.

दोघी जणी तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. मी गेले नाही. रिक्षा गेटबाहेर पडली आणि मी बिरप्पाला म्हणाले, “आधी वायर पहिल्यासारखी कर.” तो रडत होता. रडत रडत त्यानं ती सोडवली. मग बायकांनी मशीन धुतलं. आधी तयार झालेला माल होता तो भरला, आणि गाडी चारला निघाली. वेळेत निघाली, नाजू. दवाखान्यात मी सहाला पोचले.

हे कारखान्याबाहेर कुणालाच माहीत नाही. बिरप्पा माझ्या नजरेला नजर देत नाही. चंद्रव्वाला माहीत आहे, पण ती काही बोललीच नाही. निरीक्षकांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “अक्कानं लिवलंय ते लिवलंय.” तिला वाटतं, बोलली तर कारखाना बंद पडेल आणि साठ जणी परत विड्या वळायला बसतील.

शुक्रवारी, ९ तारखेला चौकशी आहे. मी जबाब बदलला नाही तर चूक चंद्रव्वाची ठरेल, कायमची. बदलला तर मी जाईन, पुण्याची ऑर्डर जाईल, आणि साठ बायकांचं काय होईल मला सांगता येत नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले. पिठात हात घालवत नाही. तू गेलीस त्या दिवशी म्हणाली होतीस, “धना, तू बायांना मशीनसारखं पळवायला लागलीस.” मी तुला म्हणाले होते की तुझं घर सरफराजभाईंच्या रेल्वेच्या पगारावर चालतं, तुला तत्त्वं परवडतात. ते शब्द मी परत घेत नाही, घेता येणारच नाहीत. फक्त एवढं सांग, मी काय करू?

शुक्रवारी अकराला. शक्य असेल तर ये. माझ्या शेजारी बसू नकोस हवं तर, मागे कुठंतरी बस.

तुझं तोंड बघायची लायकी नसलेली,
धना


सोलापूर,
रविवार, ११ जानेवारी २०२६

नाजनीन,

तू आली नाहीस. दर वेळी दार वाजलं की मी वळून बघत होते. ते जाऊ दे. तू आली असतीस तर मी तुझ्या भीतीनं खरं बोलले असते. तसं झालं नाही.

आधीचा जबाब खोटा आहे असं मी सांगितलं. वायर मी जोडायला लावली, जाळी मी काढून ठेवली, चंद्रव्वानं विचारलं तरी मी नाही म्हणाले, अपघातानंतर वायर मी सोडवायला लावली. सगळं ओळीनं सांगितलं. साहेबांनी लिहिणं थांबवून विचारलं, “बाई, हे तुम्ही कुणाच्या दबावाखाली बोलताय का?” मी नाही म्हणाले. बिरप्पा उठला आणि त्यानं बाईंचं म्हणणं खरं आहे म्हणून सांगितलं. त्याला वाचवायचा मी प्रयत्न केला. किती जमलं माहीत नाही. मशीनला सील लागलंय. माझ्यावर खटला होईल.

चंद्रव्वा बाहेर बाकावर बसली होती, हात पदराखाली. मी तिच्यापुढं खाली बसले. माफी मागायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, “नगं. ते मागू नगंस. मी दिली तर तुझं सुटंल, माझं कुटं सुटतंय?”

मग तिनंच विचारलं, “कारखाना बंद करणार का तू?”

मी म्हणाले, “आता काय चालवू, अव्वा?”

“मग माझी बोटं कशापायी गेली म्हणायची? साठ बायांनी उद्या मला इचारलं, तुज्यामुळं घरी बसलो, तर मी काय सांगू?” तिचा आवाज चढला. माणसं वळून बघायला लागली. “बंद करू नकोस. पर तू त्यात राहू नकोस. तू हितं दिसलीस की मला ती सकाळ दिसती.”

काल मी सगळ्या बायकांना एकत्र बसवून खरं सांगितलं. मग मागून एक जण म्हणाली, “एवढं खरं बोलायची गरज काय होती, अक्का? आमी सांभाळून घेतलं होतं की.” दुसरीनं तिला गप्प केलं. अकरा जणी डबे उचलून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या, माझ्यावर चिडून आणि जायला जागा नाही म्हणून. पुण्याहून फोन आला, माल थांबवा. पाकिटावरची ओळ आता लोकांना वाचताना कशी वाटेल, ते मी विचारलंही नाही.

हातानं थापलेली भाकरी सोलापुरातली जुनी दुकानं अजून मागतात. तीस-पस्तीस जणींचं काम त्यात निघेल, नीट चालवलं तर. चालवणारी मी नसेन. कागद वकिलाकडे तयार आहेत, माझा हिस्सा बायकांच्या नावे केलाय.

आज सकाळी चंद्रव्वाच्या लेकीचा फोन आला. मी उचलला तर पलीकडे चंद्रव्वा. म्हणाली, “नाजूला लिव. माझ्या हातानं आता लिवायला येत न्हाय, म्हणून तू लिव. तिला म्हणावं, चंद्रव्वा बोलावतीय. ती आली तर बाया थांबतील. जाळी लावल्याबिगर ती मशीनला हात लावू द्यायची न्हाय, हे समद्यांना ठावं हाय.” मग म्हणाली, “आणि तिला म्हणावं, लई उशीर करू नगंस.”

या पाकिटात कारखान्याची किल्ली ठेवली आहे. रजिस्टर पोस्टानं पाठवतेय. तू येशील त्या दिवशी मी तिथं नसेन, त्याची काळजी करू नकोस. माझ्या पत्राला उत्तर दिलं नाहीस ते ठीकच होतं. हे पत्र माझं समजू नकोस.

चंद्रव्वानं सांगितलं ते लिहून देणारी,
धनलक्ष्मी