मानेकडं बघ

निजामपुरा, भिवंडी
५ जून १९७४

तीर्थरूप बाबांच्या पायांवर सावळारामचं डोकं.

मी बरा आहे. ड्युटी चालू आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा खोकला थांबला का?

मागच्या महिन्यात लूमवरून धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारं टोकदार लाकूड, उडाला आणि माझ्या गुडघ्यावर बसला. जखम भरली आहे, काळजी करू नका.

बैलबाजारात तुम्ही मला शिकवलं होतं, "पायाकडं न्हाय, मानेकडं बघ." पुढचा दुखरा पाय टेकला की बैल मान वर उचलतो, चांगल्या पायावर खाली सोडतो. असा बैल तुम्ही कधी घरी आणला नाही. काल शिफ्टला जाताना भिंतीवर माझी सावली पाहिली. तिची मान तशीच हलत होती.

बैलाला भार वाटून घ्यायला आणखी तीन पाय असतात. माणूस दोन पायांवर उभा राहिला, तेव्हा हा विचार कोणी केला नसावा. मुकादम फक्त पायाकडे बघतो आणि पाय मी नीट टाकतो, म्हणून काम टिकलं आहे.

लावणीला येईन. बांधावरून येताना दिसलो, तर आईला हाक मारा आणि तुम्ही गोठ्यात जा. मी ओटीवर बसलो की मगच बाहेर या.

तुमचा
सावळाराम