पाऱ्याच्या नावाने

९ फेब्रुवारी

फोन पुन्हा वाजला. ह्यांचा. कपाटात टॉवेलांच्या मागे मीच ठेवला होता, नजरेआड. ओल्या हातांनी धावले. धावले! जणू कुणी हाकच मारली.

'फुकट फौजदार'. ह्यांचा तो फोनवरचा चौघांचा गट.

भोंगा: 'काय रे पाऱ्या, बर्फ झाला का? की पाण्यासारखा तूच वाहून गेलास?'

दाढ: 'हरला असणार. तोंड लपवून बसलाय.'

खडू: 'पुरावा हवा. पुराव्याशिवाय पारा म्हणजे नुसती वाफ.'

पारा म्हणजे हे. हवामान खात्यात जन्मभर तापमापकं दुरुस्त केली, म्हणून पारा. भोंगा जहाजांवर इंजिनं सांभाळायचा. दाढ दातांची डॉक्टर. खडू शाळेत विज्ञान शिकवायचा. चौघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. नियमच तसे — खरं नाव सांगायचं नाही, तब्येतीची रडगाणी गायची नाहीत, नातवंडांचे फोटो टाकायचे नाहीत. फक्त भांडायचं. विज्ञान, यंत्रं, सरकार, काहीही चालेल.

त्यांना कुणी कळवलंच नाही. कोण कळवणार? नातेवाइकांना मुलाने फोन केले, ऑफिसच्या जुन्या मंडळींना मी. ह्या तिघांची ना नावं माहीत, ना पत्ते.

म्हणजे जगात एक जागा अशी उरली आहे जिथे हे अजून गेलेले नाहीत. नुसते हरलेत.

१० फेब्रुवारी

फ्रीजर उघडला. दोन्ही कप तिथेच आहेत. एकाच्या कानाला लाल दोरा — तो गरम पाण्याचा.

पैज अशी होती: गरम पाणी थंड पाण्याच्या आधी गोठतं, असं ह्यांचं म्हणणं. भोंगा म्हणाला, 'करून दाखव.' हरेल त्याने जिंकणाऱ्याने दिलेलं नाव महिनाभर लावायचं, ही त्यांची शिक्षा. एकदा खडू महिनाभर 'ढेकूण' होता.

त्या दुपारी ह्यांनी कप ठेवले. 'अगं, मी सारखं दार उघडणार आहे. ओरडायचं नाही.' दोनदा उघडलं. तिसऱ्यांदा उठले ते छातीवर हात ठेवून पुन्हा खुर्चीत बसले. 'जरा पाणी दे' म्हणाले. रुग्णवाहिका आली. पुढचं लिहीत नाही.

दोन्ही कप गोठलेले. आधी कोणता, हे सांगायला माणूस नाही.

१२ फेब्रुवारी

मुलाचा फोन. 'आई, बाबांचा नंबर बंद करायला हवा. हल्ली गेलेल्या माणसांच्या नावाने काय काय उद्योग चालतात, तुला कल्पना नाही.'

म्हटलं, 'बघू.'

'तुझं बघू म्हणजे नाही. लहानपणापासून ऐकतोय. पुढच्या महिन्यात येतोय, तेव्हा करून टाकू.'

करून टाकू! दात काढून टाकावा तसं.

१३ फेब्रुवारी

सांगायलाच बसले होते. खरंच. 'कळवण्यास अत्यंत दुःख होते की' एवढं लिहिलं. वाचून बघितलं. हे हसले असते. पुसलं.

मग साधंच लिहावं म्हणून 'अरे' लिहिलं, आणि फोनने खाली आपणहून तीन शब्द पुढे केले — 'गाढवा', 'भोंग्या', 'थांब'.

ह्यांचेच शब्द. यंत्राने शिकून ठेवलेले! 'गाढवा'वर बोट ठेवलं. पुढे 'घाई' आलं. त्याच्यावर ठेवलं. मग 'कसली'. मी काहीच लिहिलं नाही, नुसती होकार देत गेले. 'अरे गाढवा घाई कसली.' आणि बोट लागून ते गेलंसुद्धा.

बोट लागून — असं इथे लिहिते आहे. वहीशी तरी खरं बोलावं. मी पाठवलं.

दाढ: 'आला! मेलास की काय असं वाटलं!'

फोन उपडा ठेवला. आनंदाने की भीतीने, सांगता येत नाही.

१७ फेब्रुवारी

आता रोजच चाललंय. सकाळचा चहा झाला की फोन घेऊन खिडकीशी.

आज खडूने बातमी आणली — कुठल्याशा सरकारने कायद्याचे मसुदे यंत्राकडून लिहून घ्यायचं ठरवलंय म्हणे. 'मग मंत्र्यांच्या जागीही यंत्रच बसवा,' तो म्हणाला.

दाढ: 'निदान बंद करायचं बटण तरी असेल.'

मी लिहिलं, 'आणि यंत्राला मेहुणे नसतात.'

तिघेही खूश! भोंगा म्हणाला, 'मेहुणे नसतील, पण विजेसाठी कुणाचे तरी पाय धरावेच लागतील. मग तोच मेहुणा.'

मी मोठ्याने हसले. मोकळ्या घरात स्वतःचं हसणं ऐकून एकदम गप्प झाले. मेहुण्यांचं वाक्य माझं, की ह्यांचं कधीतरी ऐकलेलं? एका टेबलाशी आयुष्य काढलं. कुणाचं वाक्य कुणाच्या तोंडी, आता कसं ओळखायचं?

एक चूक झाली. खडूला लिहिलं, 'कृपया ती बातमी पाठवावी.' तुटून पडले सगळे. 'कृपया? पाऱ्या, ताप आलाय का?' — 'कुणीतरी डॉक्टर बोलवा रे!' — 'दाढ आहे ना.' — 'मी फक्त उपटते.'

ह्यांनी आयुष्यात कुणाला कृपया म्हटलं नव्हतं. मी शाळेतल्या सिस्टरांच्या हाताखाली वाढलेली. कृपया माझ्या हाडात आहे.

२१ फेब्रुवारी

आज काही लिहिलं नाही तिथे. शाळा आठवत बसले.

लहान वर्गात एक सिस्टर होत्या. ठेंगण्या, कायम सर्दी झालेल्या. त्या आम्हाला बाकावर थोडं सरकून बसायला सांगायच्या. 'शेजारी तुमचा देवदूत बसतो. त्याला जागा ठेवा.' आम्ही चाळीस मुली अर्ध्या बाकावर अंग चोरून बसायचो. माझ्या शेजारचीने एकदा विचारलं, 'सिस्टर, देवदूत लठ्ठ असला तर?' छडी खाल्ली बिचारीने.

खिडकीजवळच्या ह्यांच्या खुर्चीत मी हल्ली बसते. आज लक्षात आलं — अर्ध्याच खुर्चीत बसते.

२४ फेब्रुवारी

प्रयोग केला.

टाळाटाळ किती दिवस करणार? भोंगा रोज टोचतो. जुने कप बाहेर काढले, बेसिनमध्ये ठेवले. त्या बर्फात त्यांची ती दुपार होती. तिथून निघून बाल्कनीत गेले. परत आले तेव्हा पाणी झालं होतं.

मग ह्यांच्या पद्धतीने सगळं. तेच कप, तोच नळ, त्यांचंच तापमापक, लाल दोरा. दार उघडायचं, बोटाने वर पापुद्रा धरलाय का बघायचं. मध्येच तोंडून गेलं, 'ओरडू नका हं, बघतेय.' कुणाला म्हणाले?

थंड पाणी आधी गोठलं.

खोटं सांगता आलं असतं. खोटं तर रोज सकाळी चहाबरोबर चाललंय. पण पाण्याबद्दल खोटं — ते ह्यांना चाललं नसतं. माणसांबद्दल थापा मारतील, सरकारबद्दल तर बेधडक, पण मोजमापाबद्दल कधीच नाही.

लिहिलं, 'हरलो. थंड आधी गोठलं.' त्यांचा कोट अंगात घातल्यासारखं वाटलं.

लगेच दाढ — 'पारा हरलो म्हणाला? पहिल्या फटक्यात? फोन चोरीला गेलाय का?'

तेवढ्यात भोंगा मध्ये पडला, 'असू दे गं. नाव नंतर ठरवतो. पाऱ्या, जेवलास का?'

दाढ म्हणाली, 'आता ह्यालाही ताप!'

जेवलास का. इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मुलगा 'औषधं घेतलीस ना' विचारतो. ते वेगळं.

२ मार्च

दोन दिवस जुने संदेश वाचतेय. वर वर, मागे मागे. वर्षानुवर्षांचं भांडण! चंद्र पृथ्वीपासून लांब चाललाय त्याला विरोधी पक्ष जबाबदार, हे ह्यांचं. भोंगा पूर्वी जहाजाच्या गोष्टी सांगायचा — भर समुद्रात इंजिन बंद पडलं तेव्हा ऐकू आलेली शांतता, खलाशांच्या अंधश्रद्धा. पुढे पुढे त्या गोष्टी येत नाहीत. सगळ्यांच्याच गोष्टी संपतात बहुतेक.

आणि मी! मी आहे तिथे. नाव नाही, पण जागोजागी आहे. 'घरात आज ढगाळ.' 'घरी वादळाचा इशारा, फोन ठेवतो.' 'आज लख्ख ऊन. का ते कळत नाही, पण विचारून घालवणार नाही.'

लख्ख ऊन. त्या तारखेला काय झालं होतं? किती डोकं खाजवलं, आठवेना. तो दिवस ह्यांच्याजवळ होता. माझ्याजवळ नाही.

शेवटची काही वर्षं माझ्याशी बोलणं म्हणजे 'दिवा लाव', 'चष्मा कुठे', 'दार लागलंय ना'. आणि तिथे नुसता धबधबा! हेवा वाटला त्या तिघांचा. मग वाटलं, आता तरी मला तिथे जागा मिळाली. त्यांच्या नावाने का होईना.

८ मार्च

मुलगा आला. भाजी आणायला गेलाय असं समजून मी फोन घेऊन बसले होते. मागे कधी उभा राहिला, कळलं नाही.

'आई, बाबांच्या फोनवरून कुणाशी बोलतेस?'

सांगितलं सगळं. कप, पैज, कृपया, सगळं. मला वाटलं हसेल, नाहीतर चिडेल. तो गट उघडून वाचत बसला. मेहुण्यांच्या ठिकाणी हसला, 'हे तू? बाबांना नसतं सुचलं.' मग डोळे पुसले.

फोन परत देताना म्हणाला, 'आई, त्यांचा मित्र गेलाय आणि त्यांना माहीत नाही. त्यांनाही रडायचा हक्क आहे की नाही?'

मी म्हटलं, 'सांगितलं की संपलं रे. तिथूनही गेले मग.'

'सोमवारी नंबर बंद करतोय. त्याच्या आधी तू सांग. मी सांगितलं तर बरं नाही दिसणार.'

बापासारखाच आहे. मोजमापात सवलत नाही.

१० मार्च

तिघांना एकदम सांगायचा धीर झाला नाही. भोंग्याला एकट्याला लिहिलं. त्याचंच जास्त जमायचं ह्यांच्याशी. खालून येणाऱ्या एकाही शब्दाला हात लावला नाही. माझं मीच लिहिलं —

'मी पारा नाही. मी त्यांची पत्नी. ते जानेवारीत गेले, प्रयोग चालू असताना. गेला महिनाभर मी त्यांच्या नावाने तुमच्याशी बोलत आले. फसवायचं नव्हतं. त्यांना आणखी थोडे दिवस कुठेतरी ठेवायचं होतं. पाणी मात्र खरंच थंड आधी गोठलं, ते मी स्वतः पाहिलं. कृपया क्षमा करावी.'

पाठवलं. वाचल्याची खूण लगेच आली.

११ मार्च

उत्तर नाही. गटातही भोंगा गप्प.

मुलगा म्हणाला, 'थांबतो मी आणखी एक दिवस.'

१२ मार्च

भोंग्याचं उत्तर आलं.

'काकू, मी भोंगा नाही. त्यांची मुलगी. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. मी तेव्हाच पाराकाकांना एकट्यांना कळवलं होतं. ते म्हणाले, भोंगा आता तूच चालव, पण पोरी, माझ्यावर दया दाखवायची नाही. रोज दाखवत होते ते स्वतःच. भांडून भांडून शेवटी मुद्दाम हरायचे, मला कळायचं.'

दोन वर्षं. अधूनमधून संध्याकाळी हे हसत म्हणायचे, 'हा भोंगा काही सुधारायचा नाही बघ!' आणि मी भाजी निवडता निवडता हं म्हणायचे.

तिला विचारलं, 'आणि खडू? दाढ? ते तरी —'

बराच वेळ ती लिहीत होती, थांबत होती. मग आलं —

'काकू, मी कधी विचारलं नाही.'