साळूचा गण

१० मे १९०८, जुन्नर.
लग्न पार पडलं. मुलगी मामाचीच, डिंगोऱ्याची साळू. लहानपणी मला आंब्यावरून ढकलणारी ती हीच. जन्मवेळ दोन्ही घरांत कुणाला आठवेना, म्हणून जोशीबुवांनी नावांवरून गण पाहिले. कुंडलिक, म्हणजे मी, मनुष्यगण. साळू राक्षसगण! मनुष्य आणि राक्षस जुळत नाहीत म्हणून आई अडून बसली. तिथं माझं कचेरीतलं डोकं चाललं. लग्नात मुलीचं नाव बदलतातच ना? मग देवगणाचंच ठेवू. अंगठीनं तांदळात ऐटीत लिहिलं: हेमलता. झाली देवगण! आता बायको कशी, हवी तशी. हळू बोलणारी, खाली मान, मी म्हणेन ती पूर्व दिशा.

१४ मे.
शेजारच्या हौशीरामाचा बैल अंगणात घुसला. परिस्थिती नीट दिसावी म्हणून मी माळ्यावर चढलो. हेमलतेनं वेसण धरून त्याला बाहेर काढला, वर हौशीरामाचाही उद्धार केला. देवगणाला शोभत नाही. इफेक्ट यायला वेळ लागतो, इतकंच.

१५ मे, सकाळ.
कारण सापडलं! नवं नाव कुणी घेतच नाही. नवऱ्यानं बायकोला चारचौघांत नावानं हाक मारायची नाही, आणि आई 'साळे'च म्हणते. आईला ऑर्डर दिली. ती म्हणाली, जीभ वळत न्हाई बाबा, दात पडंल माजा.

संध्याकाळ.
स्वयंपाकघरात जाऊन हळूच मीच हाक मारली. हेमलता. ती पदर सावरत उठली आणि दारात कोण पाहुणी आलीय ते बघून आली.

२० मे.
नियम सांगितले. मोठ्यानं हसायचं नाही. माझ्याआधी कुणाला उत्तर द्यायचं नाही. साळू म्हणाली, ही हेमलता लई गुणाची दिसतीया, तिलाच आणा. सवतीसंगं मी न्हाई नांदायची. तिचा भाऊ आंबे घेऊन आला होताच. त्याच्या गाडीत बसून गेलीसुद्धा! जाऊ दे. मी आणायला जाणार नाही. पर्मनंट.

२२ मे.
निवांत. आईसुद्धा बोलत नाही. भाकरी स्वतः थापली. मध्ये भोक पडलं, बाकी ठीक.

२७ मे.
शांतता जरा जास्तच झाली. घरात कुणी हसत नाही. करमत नाही मला, हे खरं. पण निश्चय म्हणजे निश्चय.

२८ मे, डिंगोरे.
या बाजूला कामच निघालं. दारात बायकांनी अडवलं, नाव घ्या, मग आत. हेमलतेचा उखाणा पाठ करून आलो होतो. पण कवाडाआड साळू उभी दिसली आणि सगळं यमक गेलं. नुसतं 'साळू' म्हणालो. ती आतून म्हणाली, येते की. पर गण जुळाय पायजेत. दोन राक्षस सुखानं नांदत्यात, असं जोशीबुवाच म्हणाले व्हते. मग मीच काय म्हून बदलायचं? मामीनं तांदळाचं ताट पुढं केलं. साळू नवऱ्याचं नाव कसं घेणार? म्हणून मामीनंच माझं नवं, राक्षसगणाचं नाव सांगितलं, गेनू. मी अंगठी काढली आणि तांदळात लिहिलं.

३१ मे, जुन्नर.
मी आता राक्षसगण. म्हणजे घरात माझा धाक बसणार. पाणी भरून झालं की सुरुवात करतो. साळू आत हसते आहे, चांगली मोठ्यानं. बरं वाटलं. आईला 'हेमलता' शेवटपर्यंत जमलं नाही. 'गेनू' पहिल्याच हाकेला जमलं. मी ओ दिली.