ओहोटीचा रविवार

पाळकसाहेब, तुमच्या पानाच्या शेवटी काय लिहायचं ते सुचत नाही, म्हणून शेवटी तुम्हालाच लिहायला बसले आहे. कागद म्हणून गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची कोरी बाजू घेतली आहे. आपल्या मंडळीची स्मरणिका निघते आहे. मी मॅट्रिक झालेली, अक्षर बरं, घरचा जमाखर्च चोख ठेवते, एवढ्यावरच पंचकमिटीनं पाळकांचा इतिहास माझ्याकडे सोपवला. प्रत्येकाचं एक पान. पहिल्यांनी जांभ्याच्या भिंती उभ्या केल्या, दुसऱ्यांनी कौलं चढवली, तुमच्या मागून आलेल्यांनी मुलांच्या शब्बाथशाळेची खोली बांधली. आत्ताच्या आमच्या तरुण पाळकांनी तर देवळाच्या आतच बाप्तिस्म्याचं टाकं बांधलं, निळ्या लाद्यांचं. नळ सोडला की भरतं. तुम्ही मात्र काहीच बांधलं नाहीत. कमिटीतले एक जण म्हणाले, "निष्ठेने सेवा केली," असं लिहा आणि पुढे चला. ते माझ्या मनाला पटलं नाही. अशानं आमची पिढी गेली की तुम्ही इथे होतात हेसुद्धा कुणाला कळायचं नाही.

म्हणून मी ओहोटीचा रविवार लिहिला. तुम्ही नगरकडून नवीनच आला होतात. तिकडे बाप्तिस्मा नदीच्या डोहात, आणि डोह काही सकाळचा एक, संध्याकाळचा एक असा नसतो. तुम्ही सांगून टाकलंत, उपासना आटोपली की सरळ खाडीवर. इथल्या पोराटोरालाही ठाऊक होतं की त्या दिवशी पंचमी आहे, सकाळी पाणी नसणार. पण पाळकांनी वेळ दिली म्हणजे बघूनच दिली असेल, असं ज्यानं त्यानं धरलं आणि सगळे गात गात निघाले. पाण्यात उतरणाऱ्यांत माझी आई होती, नीळ घातलेल्या पांढऱ्या लुगड्यात. तिच्या कोरड्या कपड्यांची पिशवी माझ्या काखेत. उतार संपून खाली येतो तर काय, नुसता चिखल. त्यात एक होडी कलंडून पडलेली, आणि पाण्याची बारीक रेघ पार पलीकडे. गाणं आपोआप थांबलं. खडकावर कालवं फोडत बसलेल्या एका बाईनं आमचा लवाजमा पाहिला, तुमचा चेहरा पाहिला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ओ पाद्रीबाबा, देवाला इचारलंत नाय काय, पाणी कंदी येल ता? आता तिनाच्या पुढं. वायच दम धरा." लोक हसले. मीही हसले, तर आईनं दंडाला चिमटा काढला.

कमिटीच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं, आता पुढच्या रविवारी. लोक माघारी वळायला लागले, पण आई जागची हलेना. बाबा गेल्यावर ती दवाखान्यात आया म्हणून लागली होती आणि तिथल्या बायांबरोबर देवळात मागच्या बाकावर येऊन बसायला लागली होती. तिचं माहेर आतल्या खेड्यातलं, शेतकऱ्याचं. मामानं निरोप धाडला होता, पाण्यात उतरलीस तर इकडची वाट विसर. हे तुम्हाला माहीत होतं. चार पुरुषांसमोर कधी न बोलणारी आई तुम्हाला म्हणाली, "आज घरी गेले तर परत यायचं बळ माझ्यात नाही."

तुम्ही चपला काढता, पँट दुमडता आणि जांभ्याच्या दगडावर बसकण मारता. मग मागे न बघताच सांगता, पाणी येईल तेव्हा उतरू, ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जावं. बरेचसे जातात. आई बसते, तिला धरून मी. दुपारी पाळकबाई टोपली घेऊन येतात. टोपलीत देशावरच्या जाड ज्वारीच्या भाकऱ्या आणि ठेचा. त्यातली एक भाकरी कालवंवालीलाही जाते. ती चावून चावून खाते आणि विचारते, आता नवे दात कुनाकडे मागायचे? पाळकबाई सगळ्यांत जास्त हसतात. ऊन कलतं. होडी हळूच सरळ होते. पाणी कमरेएवढं झाल्यावर तुम्ही आईचा हात धरता, पण ती काठावरच अडते. जन्म कोकणात गेला, पण खोल पाण्यात पाय म्हणून घातलेला नाही. तेव्हा तुम्ही तिला जे सांगितलंत, ते मी जसंच्या तसं पानात लिहिलं आहे. "बाई, पोहायला मलाही येत नाही. दोघं सांभाळून उतरू."

मामानं शब्द खरा केला. पुढे आईचं माहेर म्हणजे तुमचं स्वयंपाकघर. माझं पहिलं बाळंतपणही तिथल्याच चुलीच्या उबेला झालं. तुम्ही भिंतीवर तिथींचं कॅलेंडर टांगलंत, तेव्हा कमिटीत कुजबुज झाली, पाळक पंचांग बघतात म्हणून. तुम्ही म्हणालात, मी पाणी बघतो. त्यानंतर तुम्ही होतात तोवर उपासनेची वेळ भरतीप्रमाणे बदलत राहिली आणि कुणाचा बाप्तिस्मा पुढे ढकलला गेला नाही. हेही लिहिलं आहे.

परवा तरुण पाळकांनी पान वाचलं. म्हणाले, मावशी, आपली मंडळी चिखलापाशी जाऊन थांबली असं छापायचं? लोक हसतील. मी म्हटलं, हसू देत, आम्ही तेव्हाही हसलो होतो. त्यांनी पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, असू दे, एक अक्षर काढत नाही. फक्त बाकीच्या पाळकांच्या पानाखाली त्यांच्या प्रवचनातलं एकेक वाक्य आहे, तसं ह्यांचंही द्या.

तिथेच माझं अडलं आहे. दोन दिवस आठवते आहे. खाडीवरचं शब्दन् शब्द आठवतं, पण व्यासपीठावरचं एकही वाक्य नाही. पाळकांना मी सांगणार आहे की पान त्या पोहण्याच्या वाक्यावरच संपवा. का ते सांगणार नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही प्रवचनाला उभे राहिलात की मला झोप यायची, पाळकसाहेब. आईलासुद्धा.