गिरणीच्या दारातली ॲडी

५ मार्च १९९१, मंगळवार
गावसभा. बर्फ काढायच्या ट्रकचा विषय संपल्यावर माझा विषय आला: सभागृहाच्या माळ्यावरचा रंगवलेला पडदा. १९११ साली एक फिरता चित्रकार पंधरा दिवस आमच्या या व्हरमाँटच्या कोपऱ्यात राहिला आणि नाटकाच्या पडद्यावर अख्खं गाव काढून गेला. गिरणी, बैल, बदकं, माणसं. सगळी खरी, नावानिशी ओळखता येणारी. चाळीस वर्षं गुंडाळून पडलाय. शहरातून तज्ज्ञ बोलवा, असं बर्निस म्हणाली. सख्खी बायको, आणि भर सभेत विरोध! मी विचारलं, कुठली गाय कोणाची, हे त्या तज्ज्ञाला कळणार आहे का? टाळ्या. जेवण वाढल्याच्या टाळ्या होत्या, असं बर्निसचं म्हणणं. असो. जबाबदारी माझ्याकडे.

८ मार्च
पडदा खाली आणला. सहा माणसं लागली. मी सूचना दिल्या. कॅनव्हास ताठ झालाय, उलगडायला गेलं की रंगाचे पोपडे पडतात. दुपारी लव्हिनिया मावशी, अख्ख्या गावाचीच मावशी, येऊन बसली. वय ब्याऐंशी. पडद्यावर गिरणीच्या दारात तिची आई ॲडी उभी आहे, कडेवर दोन वर्षांची लव्हिनिया. आई त्याच हिवाळ्यात गेली, पुढे घर जळालं, एकही फोटो उरला नाही. मावशीच्या डोळ्यांचंही आता खरं नाही, उन्हाळ्यापर्यंत जातील म्हणे. एकदा आईला बघू दे रे, मग गेले तर गेले, म्हणाली. मी शब्द दिला: रविवार, २४ तारीख.

११ मार्च
बर्निसने परस्पर विचारलं होतं, त्यावर संग्रहालयाचं पत्र आलंय, ते वाच म्हणून मागे लागलीय. सवडीने वाचीन. तीस वर्षं भूगोल शिकवलाय. ताठ कापडाला ऊब आणि ओल लागते हे समजायला पत्र कशाला?

१३ मार्च, सकाळी ७
सुचलं! रॉयसचं गुऱ्हाळ! मेपलच्या झाडांना रस सुटलाय, तो आटवायची कढई अखंड चालू. उंच छप्पर आणि हवी तेवढी वाफ. रॉयस माझा मेव्हणा, आणि जुना विद्यार्थी. म्हणाला, मास्तर, वाफेत मला माझेच बूट सापडत नाहीत. म्हटलं, तेच तर हवंय. रंग कशात कालवलाय, असंही त्याने विचारलं. रंग तो रंग. वर्गातसुद्धा या माणसाला नसत्या शंका यायच्या.

१६ मार्च, शनिवार
पडदा तुळईला टांगला. तासाभरात लोण्यासारखा मऊ, दुपारी पूर्ण सरळ! ॲडीही दिसली. अख्खं गाव लोटलं. बर्फावर ओतलेला गरम पाक, तोंडी लावायला आंबट काकडी, आणि माझं कौतुक. मावशीला आत्ताच घेऊन येऊ का, रॉयसने विचारलं. नको. इथे चिखलात काय? पुढच्या रविवारी सभागृहात, रीतसर, माझ्या भाषणानंतर. बर्निसने कॅमेरा आणला होता, परत पाठवला. फ्लॅशने रंग उडतात, एवढंही लोकांना कळत नाही. पडदा उद्यापर्यंत तिथेच राहू दे म्हटलं. काम पक्कं होईल.

१७ मार्च, सकाळी ६
किंचित चमक आलीय. चांगलं लक्षण.

सकाळी ८
गाय जरा लांब झाल्यासारखी वाटते. बदकं नदीत उतरली. बदकंच ती.

सकाळी १०
रॉयसला म्हटलं, आग विझव. तो म्हणाला, रस आला की कढई थांबत नसते, करपेल सगळं. पडदा कसाबसा ओढून बाहेर काढला. गिरणी नाही. दार नाही. दाराच्या जागी तपकिरी ओघळ. रॉयसने बोट लावून चाटलं. म्हणाला, काकवी पहिल्या प्रतीची आहे.

दुपारी
बर्निसने पत्र मोठ्याने वाचलं. दुसरीच ओळ: असे रंग सरस आणि पाण्यात कालवलेले असतात, ओल लागू देऊ नये. इतकी महत्त्वाची गोष्ट कोणी दुसऱ्या ओळीत लिहितं का?

२० मार्च
खचून चालणार नाही. ॲडी पुन्हा काढता येईल. मी पाहिलंय तिला. चार वेळा काढली. चारही वेळा चेहरा रॉयसचा आला.

२२ मार्च
नवी योजना. दिवे मंद ठेवायचे. मावशीला तसंही धड दिसत नाही. बर्निस म्हणाली, लाज धर, आजच्या आज जाऊन खरं सांग. निघालो होतो. रस्त्यात चिखल फार.

२४ मार्च, रविवार
मावशी केस सेट करून आली होती, गळ्यात ठेवणीतला रुमाल. भाषण केलं नाही. पडद्याच्या उजव्या टोकाला एकच बाई शिल्लक होती, टोपलीवाली. म्हटलं, ही बघ मावशी, ॲडी. मावशीने नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन बराच वेळ पाहिलं. म्हणाली, अरे, ही तर क्रॉसबीची बायको. आईशी मेली शेवटपर्यंत बोलली नाही. आई कुठेय?

मग मात्र सगळं सांगितलं. ओघळ दाखवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने त्यावर तळहात ठेवला. तळहात चिकट झाला, तो गळ्यातल्या रुमालाला पुसला. एवढी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

खुर्चीत बसल्यावर म्हणाली, एल्डन, तू तर पाहिलीस ना रे तिला त्या शनिवारी? मग सांग तरी. डोळे कसे होते?

डोळे मी पाहिले नव्हते. कापडाला कुठे सुरकुती राहिलीय का, ते बघत होतो.